गुरुवारचं विमान

निउआला जाणारं विमान गुरुवारी, खुर्च्या नऊ.
त्याआधी काटा.
तोच काटा, ज्यावर तारोच्या कंदांची पोती चढली,
मग बर्फातल्या माशांची पेटी,
मग पाद्रीबुवा, छत्रीसकट.

"आनासेइनी!"
सेमिसीनं कानामागची पेन्सिल काढली.

माझ्या पायांना ऑकलंडची सवय.
पहाटे, पाण्याचा घोट घेण्याआधी,
कानातले काढून, श्वास सोडून,
न्हाणीघरातल्या काचेच्या चौकोनावर
चोरासारखं उभं राहायचं.
आकडा बघायचा,
आणि त्यावरून ठरवायचं
आज स्वतःशी कुठल्या आवाजात बोलायचं.
सोळा वर्षं.

सवयीनं मी चपला काढल्या.
"राहू देत की," सेमिसी म्हणाला,
"त्या काय इथंच ठेवून जाणार आहेस?"

आणि त्यानं आकडा मोठ्यानं वाचला.
एकशे अठरा.
पत्र्याच्या छपराखाली, सगळ्यांदेखत,
तारोचं वजन ज्या सुरात वाचलं होतं त्याच सुरात.

मी वाट पाहिली.
आता कुणी वळून बघेल,
कुणी हसू गिळेल,
कुणीतरी मायेनं
चालण्याचे फायदे सांगेल.
एक मूल केळं सोलत होतं. ते सोलतच राहिलं.
पाद्रीबुवांनी विचारलं, तिकडं वारा आहे का.

वैमानिकानं वही पाहिली, माझ्याकडं पाहिलं:
"तू मधे बस, पंखांच्या रेषेत.
तिथं भार असला की ही नीट उडते."
ते काही कौतुक नव्हतं. निव्वळ हिशेब होता.
तरी पट्टा लावताना
ते वाक्य मी दोनदा मनात म्हटलं.

खाली समुद्र, तासभर नुसता समुद्र.
कपाटातला निळा झगा आठवला,
किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला,
माझ्यातून दुसरीच कुणी निघेल
म्हणून टांगून ठेवलेला.
लेकीच्या आठव्या वाढदिवसाचे फोटो आठवले.
त्यात मी नाही.
नवव्याच्या, दहाव्याच्याही नाही.
"मी काढते ना," म्हणायचे,
"तुम्ही सगळे उभे राहा."

धावपट्टीच्या कडेला फुसी आत्या उभी होती.
मी तिला ओळखलंच नाही.
माझ्या लहानपणी ती होती
दारात उभी राहिली की घरात सावली पडेल अशी.
तिच्या मांडीवर आम्ही तिघं एकावेळी मावायचो.
आता साखरेनं तिला अर्धी केली होती,
मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

"आत्या, किती उतरलीस गं!"
तोंडातून गेलं, आणि जीभ चावली.
ऑकलंडमध्ये याला शाबासकी म्हणतात.

"वजन गेलं," ती म्हणाली. "मी कुठं गेले?"
आणि माझी बॅग उचलायला वाकली,
जशी नेहमी वाकायची.

भावाच्या लग्नाच्या सकाळी
घरातली सगळी उठून उभी राहिली ती आल्यावर.
बापाची बहीण. आमच्याकडं तिचा मान सगळ्यांत वर,
मग ती दारभर असो नाहीतर फटीएवढी.
तिनं पेटीतून चटई काढली,
केवड्याच्या पानांची, तिच्या आईनं विणलेली,
वापरून वापरून मऊ, मधाच्या रंगाची.
माझ्या कंबरेभोवती गुंडाळू लागली.
मी, सवयीनं, पोट आत ओढलं.

दोरी हातात धरून ती थांबली.
"सोड."
"काय?"
"पोट. आत ओढून बांधलं तर
जेवताना काचेल."

बाहेर डुकरं भाजल्याचा धूर,
कुणीतरी बाकं ओढत होतं,
आत्याची बोटं माझ्या कंबरेवर,
घाई नसलेली.

सोळा वर्षं धरलेलं काहीतरी
मी हळूच सोडलं.
तिनं त्या मापानं गाठ मारली,
शेवट आत खोचला,
आणि लेकीला हाक मारली:
"तो फोन तू धर गं.
आईला इथं उभी राहू दे."