पंख्याचं बटण

सुरक्षा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी
मेसमधली टेबलं भिंतीला लावून
कंपनीने आम्हाला खुर्च्यांवर बसवलं
आणि बैरूतचे हानी सर म्हणाले, डोळे मिटा.
आपला सगळ्यात सुंदर दिवस बघा,
पहाटेपासून. घाई नको. एकेक गोष्ट.
जो नीट बघेल तो तिथवर पोचेल.

आमच्या वस्तीचं नाव सजा.
शारजाच्या टोकाला, सिमेंटच्या गाड्यांची वाट.
नवा आलेला प्रत्येक जण त्या नावाला एकदा हसतो.
मला मात्र आमचा तलाठी सजा आठवतो,
सातबाऱ्यावर माझं नाव चढवायला
अकरा महिने घेतले तिथे.

डोळे मिटले.
गुलरेजने मिटताक्षणी म्हशी सोडल्या असाव्यात,
जिभेने टक् टक् करून त्या हाकायला लागला.
बिजूच्या तोंडाला पाणी सुटलेलं ऐकू येत होतं.
मान बहादूर झोपला.
खरोखर झोपला,
सरांनीही त्याला उठवलं नाही.

मी घरी पोचलो.
पालशेतचं नवं घर, स्लॅबचं, पिस्ता रंगाचं,
एकेक चिरा ओव्हरटाइमचा,
आणि आत मी झोपलोय
एकूण एकेचाळीस रात्री.
पहाट. स्मितल उठून गेलीय,
मागल्या दारी भांडी वाजताहेत.
उकडतंय.
हात भिंतीकडे गेला
आणि तिथेच राहिला.

पंख्याचं बटण कुठलं?

दिवस पुढे सरकेना.
सर म्हणत होते, आता नाश्ता, आता मुलं,
आता तुम्ही चालत निघालात, कुठे, बघा,
आणि मी बनियनवर अंधारात चाचपडतोय.
एक दाबलं, बाहेर पडवीतला दिवा.
दुसरं दाबलं, काहीच नाही.
मी. इलेक्ट्रिशियन.
अल नहदातल्या टॉवरचे चौतीस मजले मला तोंडपाठ.
एकोणिसाव्यावरच्या बाईंचा गिझर बंद पडला
तर फोनवरून सांगतो, डावीकडून सहावा, वर ढकला.
बाई विचारतात, तुला कसं रे दिसतं?

माझ्या घराचं वायरिंग आबलोलीच्या एका पोराने केलं.
व्हिडिओवर दाखवत होता, काका, बघा फिटिंग,
नेट अडकलं, त्याचं अर्धं तोंड चौकोन चौकोन,
मी म्हटलं, छान.
पैसे पाठवले.

शेवटी कागद वाटले. लिहा, काय दिसलं.
मी लिहिलं, पंखा.
सरांनी पाठ थोपटली,
बाजूच्या साहेबाला म्हणाले, साधा माणूस आहे.

रात्री फोन लावला.
स्मितल घाबरली, मंगळवारी मी कधी करत नाही.
अगं काही नाही. पलंगाकडच्या बोर्डावर
पंख्याचं बटण कुठलं?
तिसरं, ती म्हणाली. मग गप्प.
थांबा, बघून येते.
पावलं. खट्. खट्.
मग पात्यांचा आवाज, आधी मंद,
मग माझ्या कानात भरून आलेला वारा.
तिसरंच. पण उलटं बसवलंय त्याने,
वर केलं की लागतं.
तीन वर्षं झाली.

आलो की सरळ करतो, मी म्हटलं.
नको, ती म्हणाली,
आता सगळ्यांचे हात तसेच पडतात.
तुम्हीच शिकून घ्या.

एसीची घरघर. वरच्या बंकवर मान बहादूर
आपला सुंदर दिवस पुढे चालू ठेवून.
मी पडल्या पडल्या
प्लायवूडच्या भिंतीवर बोट टेकवतो.
एक, दोन.
तिसरं. वर.
पुन्हा. तिसरं. वर.

हं, सर.
आता नाश्ता.