शेंग वाळेपर्यंत

वेताळ टेकडीवर, जुन्या खाणीच्या काठाला
गुडघ्याएवढं झुडूप. पिवळं फूल.
ऑगस्टात पहिल्यांदा पाहिलं
आणि वहीत लिहिलं : शेंगवर्गीय. पुढचं माहीत नाही.

शेंगवर्गीय, एवढं तर फूलच सांगतं.
मागे उभारलेली पताका, दोन बाजूंना पंख,
मध्ये मिटलेली नाव.
ती नाव मला दिसत होती.
ते नाव दिसत नव्हतं.

बोकीलबाईंनी भिंग दिलं, आणि प्रश्नांची जुनी पुस्तिका.
पान साधं की त्रिदली? साधं. चौदावर जा.
देठावर लव? चष्मा वर, चष्मा खाली,
आहे. बहुधा. बावीसवर जा.
टाचणीनं नाव उघडली :
दहा पुंकेसर, पाच उंच, पाच बुटके,
एका घरातली, पण फोटोत दोन रांगांत बसवलेली.
सदतीसवर पोचलो. तिथे छापलं होतं :
पक्व शेंग पाहावी.

ऑगस्टात कुठली शेंग.

फिरायला येणारे विचारत, काका, काही हरवलं का?
मी म्हणायचो, अजून सापडायचंय.

नोव्हेंबरात गवत पिवळं पडून आडवं झालं.
पाषाणच्या बाजूनं शेळ्या चढून आल्या,
मागून धोंडाबाई कोकरे. काहीतरी बोलल्या.
माझा डावा कान कधीचाच गेलेला,
उजव्याचं यंत्र घरी, टेबलावर.
मी नुसता हसलो, बहिरी माणसं हसतात तसा.

त्यांनी ओळखलं.
एक वाळकी डहाळी मोडून कानाशी हलवली.
मी मान हलवली : नाही.
मग त्यांनी फुगीर शेंगा माझ्या मुठीत कोंबल्या,
माझं मनगट धरलं
आणि लहान मुलाचा हात हलवावा तसं हलवलं.

आत बिया धावल्या.
सालीच्या आत, तळव्याच्या आत,
आणि कोपरापर्यंत काहीतरी ऐकू आलं.

त्या पुन्हा बोलल्या, सावकाश.
ओठ दोनदा गोल झाले, मग उघडले :
खु-ळ-खु-ळा.

वहीत लिहिलं. खाली तारीख.
बोकीलबाई म्हणाल्या, हे झालं घराणं,
यात कितीतरी जाती. कुठली ते सांगा.
शेंगेवर लव होती का?

पाहायचं राहिलं.
वही उघडायला मूठ सोडली,
तेवढ्यात एका काळ्या शेळीनं शेंगा खाल्ल्या.