ट्रंक कॉलची हवा

एकवीस वर्षं मी ट्रंक एक्सचेंजवर होते,
कानावर पट्टा, समोर भोकाभोकांची पाटी.
नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून बऱ्याच जणांच्या दोऱ्या
आमच्या हातून जायच्या.
ऐकायचं नाही, असा नियम होता.
पण लाइन नीट लागली का हे कळायला
पहिली दोन वाक्यं ऐकावीच लागत
आणि पहिली दोन वाक्यं हवेचीच असत.
तिसऱ्यात कुणीतरी गेलेलं असायचं
किंवा जन्मलेलं, किंवा पैसे हवे असायचे;
तोवर मी कान काढून घेतलेला.

त्यामुळे मला देश असा पाठ आहे:
मार्चमध्ये भुसावळ "तापायला लागलं हो",
एप्रिलमध्ये मद्रासचे शब्द कळायचे नाहीत, धाप कळायची.
सिमल्याहून एक सुभेदार मेमध्येसुद्धा
हातमोजे पाठव म्हणायचा बायकोला
आणि ती इकडे सदरमध्ये
चादर ओली करून त्यात झोपणारी.

यंदा काहीच जागेवर नाही.

फेब्रुवारीतच वासंती खोतचा फोन, रत्नागिरीहून:
"अगं, अंगण चटके देतंय पायाला,
कैरी गळतेय, वाटाण्याएवढी."
म्हटलं, वासंती, चुकीची लाइन लागली बघ,
हे वाक्य आमच्याकडचं आहे.
ती हसली नाही.
मग डेहराडूनची भाची: मावशी, दुकानातले पंखे संपले.

आणि इथे,
एप्रिलच्या अठरा तारखेला
सकाळी दहा वाजता दिवे लावले मी.
गारा पडल्या, पत्र्यावर कुणी सुपारी ओतावी तशा.
चौकातल्या रसवंतीवाल्यानं घुंगरू काढून ठेवले
आणि त्याच टेबलावर चहा मांडला.
मुलींनी तोंडाला बांधायचे दुपट्टे
खांद्यांवर घेतले, नीट, शालीसारखे.

अकराला सेवकराम पराते आला.
सायकलला खसच्या ताट्या (पुण्याकडे वाळा म्हणतात)
आणि ताट्यांवर मेणकापड.
"भिजायसाठीच जन्मली ही,
अन् तिलेच झाकून हिंडून राह्यलो, बाई."
सव्वाशे बांधल्या, गेल्या एकोणीस.
"लोक म्हणतात थांब, पाहू.
ऊन काय पाहुणं आहे, पत्र टाकून यायले?"
पूर्वी यायचं की, पत्र टाकून, मी म्हटलं.
"हाव," तो म्हणाला,
आणि गच्चीवरच्या माझ्या कूलरकडे पाहत राहिला,
ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसा.

मी ताट्या लावून घेतल्या. तिन्ही बाजूंनी.
त्याला वाटलं दया करते. तसं नव्हतं,
पण काय होतं ते सांगता आलं नसतं.
"पाणी नका टाकू आज, सर्दी होईन."
मी तांब्या ओतलाच.

खस भिजली
आणि त्या काळ्या, गार दुपारी
घरात यंदाचा उन्हाळा पहिल्यांदा आला:
पट्ट्याखाली घामेजलेला कान,
पोलक्याच्या आत रुमालात बांधलेला कांदा,
रात्रपाळी संपवून परतताना पहाटे चारला
सीताबर्डीच्या भिंती, अजून गरम,
हात लावून चालायचे मी त्यांना.
सेवकराम दारात थांबला, श्वास आत ओढून.
"आला," एवढंच म्हणाला.

मग मला पाच शिंका, एकामागून एक.
तो म्हणे, सांगितलं होतं ना.

रात्री वासंतीला मीच लावला.
पहिली दोन वाक्यं झाली,
तिचं तापलेलं, माझं गारठलेलं.
तिसरं कुणालाच सुचेना.
सवयीनं मी लाइन तपासली:
लागलेली होती.
तिकडे तिचा पंखा कुरकुरत फिरत होता,
इकडे पन्हळीतून पाणी.
आम्ही दोघी ते ऐकत बसलो बराच वेळ.
नियम आता नाही.