एकोणपन्नासच्या पुढे

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
आम्ही दोघी डोंगर उतरतो.
मामोत्सेलिसी पुढे, मी मागे,
गावची आरोग्यसेविका म्हणून
आणि घसरली तर धरायला म्हणून.
जायला दोन तास, यायला तीन.
त्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मिळतात,
रक्तदाबाच्या एकाच महिन्याच्या.
म्हणजे तिला चालवतो तो रक्तदाब.

जूनमध्ये खिंडीत बर्फ असतं.
तेव्हा सेआबाताचं तट्टू मागायचं.
पैसे तो घेत नाही,
ज्वारीची आंबील घेतो, आदल्या रात्रीची,
आणि दर वेळी म्हणतो, यंदा आंबट कमी झालीय.

आमच्याकडे बाईला
तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात.
मामोत्सेलिसी, म्हणजे मोत्सेलिसीची आई.
मोत्सेलिसी जाऊन अठरा वर्षं झाली.
तरी दवाखान्याच्या दारातून नर्स ओरडते,
मामोत्सेलिसी!
आणि ही उठते
भिंतीला हात देत, सावकाश,
लेकीनं आतून पाणी मागितल्यासारखी.

रक्तदाबाची रांग डावीकडे,
त्या गोळ्यांची उजवीकडे.
दोन्ही खिडक्या एकदमच उघडतात, एकदमच मिटतात.
ती उजवीकडे उभी राहते
आणि डावीकडे आपली घोंगडी ठेवते, घडी घालून.
घोंगडी पुढे सरकत राहते.
कुणीतरी पायानं ढकलतं, हळूच,
पण ओलांडत कुणी नाही.

मागल्या वर्षी मासेरूहून दोन मुलं आली होती,
कोरे बूट, हातात टॅबलेट,
घरोघर विचारत, कुणाला, कधीपासून.
तिनं खुर्ची दिली. उकडलेलं अंडं दिलं.
वय? सत्तर.
मुलाचं बोट काचेवर वर गेलं, खाली आलं,
पुन्हा वर गेलं.
आजी, हे पंधरा ते एकोणपन्नाससाठीच आहे.
मग अंडं परत दे, बाळा, ती म्हणाली.
त्याच्या तोंडात अर्धं होतं.
मला हसू आवरेना.
तो बिचारा घाबरलाच.

गावात म्हणतात,
लेकीचं आजारपण काढलं हिनं
उघड्या, भेगाळल्या हातांनी.
तिथूनच लागलं असणार. माउली ती.
ती ऐकून घेते.
माउली म्हटलं की लोक लाकूडफाटा आणून देतात,
हे काय तिला कळत नाही?

पण परवा उतारावर
कोरफडीच्या कुंपणापाशी दम खायला बसलो
तेव्हा गुडघे चोळत म्हणाली,
तू वहीत खरंच लिहितेस ना?
मग लिही.
मी छप्पन्नची होते.
तो दगड घडवायचा. शाळेची भिंत त्याची.
बायको वारलेली.
हसायचा असा, की छपराचे पत्रे थरथरावेत.
दोन हिवाळे.
मग बराच वेळ गप्प.
खाली नदीकाठी कुणाची तरी मेंढरं.
लेकीच्या माथी नका मारू म्हणाली.
तिनं मला दिलं ते पोरगं.

वहीत यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं, दोन हिवाळे.
मग खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

पोरगं म्हणजे रापेलांग, आता वीसचा,
सीमेपलीकडे मेंढ्या कातरायला जातो.
रोज रात्री आठला मिस्ड कॉल देतो.
दोन रिंग म्हणजे, आजी, गोळी.
उचलायचा नाही, त्याचे पैसे जातात.
सहा वर्षांची असावी तशी ती
फोन मांडीवर घेऊन वाट बघते.

गेल्या गुरुवारी आठला वाजला नाही.
तिनं गोळी घेतली. दिवा ठेवला.
नऊ झाले.
दहा वाजून गेल्यावर वाजला,
एक रिंग, दुसरी,
आणि तिनं उचलला.
घेतली रे, म्हणाली.
तू जेवलास का?
काय भाजी होती?
कुणी केली?

त्याचे बरेच पैसे गेले.