वजनकाट्यावरच्या दोघी

दोंडाईच्याला मिरची बाजाराबाहेर
आमचा साठ टनी काटा.
केबिनीत मी, माझा खोकला, एक पंखा,
आणि प्लगच्या तीन भोकांतली दोन
ओल्या मातीनं लिंपून टाकणारी ती —
काळी, पिवळ्या तंगड्यांची,
कमरेच्या जागी नुसती तार.

इलियास टेस्टर घेऊन आला खरवडायला,
तर रेशमाबाई देठं झाडता झाडता म्हणाली,
“मारू नको तिले, कुंभारीन शे ती.”
मग आम्ही पंख्याला दुसरा प्लग शोधला.

पाणपोईच्या रांजणाखाली चिखल.
तिथून एक गोळी. पुन्हा एक गोळी.
लिंपताना ती गुणगुणते, ऐकू येतं.
आत कोळी भरते, जिवंत, पण पाय न हलणारे,
वखारीत पोती दाबावीत तसे.
गेल्या दिवाळीत साफसफाईला एक घर फुटलं माझ्या हातून:
अकरा कोळी आणि एक पिवळी अळी.
मोजायला नको होते.

दुसरी बाहेर असते, काट्याच्या कडेला,
ट्रकचं चाक जिथे वीतभरानं चुकतं तिथे.
तांबड्या कमरेची. ही बांधत नाही, उकरते.
भोकावर खडा ठेवते,
वर दोन-तीन गिरक्या घेते
(जागा पाठ करत असावी)
आणि जाते.
येते ती पायी.
स्वतःहून लांब हिरवी अळी पोटाखाली धरून
अख्खा काटा ओलांडते.
मी स्क्रीनकडे पाहिलं. शून्य.
दहा किलोच्या खाली आमचा काटा बोलत नाही.

अळी आत, अंडं आत, वर माती.
मग जबड्यात खडा धरून
ती माती ठोकत बसली,
गवंडी धुम्मस मारतो तशी,
आणि उडाली.
मी चहाचा कप ठेवून परत पाहिलं
तर जागा सापडेना.

पहिलीचं घर साऱ्या गावाला दिसतं,
म्हणून फुटतं.
“आन् ही दुसरी?” मी विचारलं.
रेशमाबाईनं झाडू आपटला.
“ती कोनलेच सांगस नही.”

पोर मात्र दोघीही बघत नाहीत.

संध्याकाळी शहाद्याचा ट्रक आला, डावीकडे फार.
म्हटलं, मागे घे, दोन फूट उजवीकडे लाव.
ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, का?
तिथे काटा चुकीचं दाखवतो, म्हटलं.

सतरा वर्षांत
काट्याबद्दल बोललेलं
पहिलं खोटं.