ओ के जे एल

मे महिन्यात सदरच्या ऑफिसात
कूलरचं पाणी दुपारी दोनला संपतं,
आणि वकीलसाहेबांना नेमकं तेव्हाच
अठ्ठ्याण्णव सालचं एखादं वारसपत्र हवं असतं.
"हेडाऊनं टाइप केलं होतं. त्याच्या मशीनीत असन, पाह्य."

मशीनीत अडतीस हजार फायली.
काकांनी त्यांना नावं ठेवलेली
इंग्रजी अक्षरांत, मराठी मनानं:
नवीन. नवीन एक. नवीन खरी.
बुटीबोरीवाली बाई.
भांडकुदळ भाऊ. भांडकुदळ भाऊ दोन.
सावकाश करणे.
एकीचं नाव नुसतंच अरे देवा.

विचारलं की डोळे मिटायचे, कान खाजवायचे,
आणि बरोबर तीच फाइल उघडायचे.
दिवाळीनंतर काका गेले.
तो कान, ते डोळे, तो सगळा नकाशा
मोक्षधाम घाटावर आम्हीच पोचवून आलो.

म्हणून मी शोधणारं सॉफ्टवेअर टाकलं.
शटर खाली ओढून घरी गेले
आणि ते रात्रभर वाचत बसलं,
सगळे घटस्फोट, सगळे बांध, सगळ्या सामाईक विहिरी,
एकदाही चहाला न उठता.
सकाळी म्हणालं, तयार.

मी टाइप केलं: वारस.
सापडले: शून्य.

अडतीस हजार फायली आणि एकही वारस नाही?
अख्ख्या जिल्ह्यात कोणी मेलंच नाही का, बाप्पा?
तालुका बदलून पाहिला, ऱ्हस्वदीर्घ बदलून पाहिलं,
सॉफ्टवेअरला दोन शिव्या दिल्या, नागपुरी.

मग कपाळावर हात मारला.
काकांचा फॉन्ट जुना. पडद्यावर मराठी,
पोटात मात्र नुसत्या दाबलेल्या कळा.
व म्हणजे ओ. काना म्हणजे के.
र म्हणजे जे. स म्हणजे एल.
ज्याच्यासाठी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात
तो वारस मशीनच्या दप्तरी
ओ के जे एल.

तसंच टाइप केलं.
चार हजार एकशे सहा!
कळमन्यात पोतं उसवून
मिरच्या सांडाव्यात तसे भसाभस.

आता वेचायची पाळी.
गावाचं नाव आणि आडनाव
अवतरणचिन्हांत एकत्र बांधलं,
नाहीतर दोघं दोन दिशांना पळायचे.
तारखेचं कुंपण घातलं.
साहेबांच्या मुलीच्या लग्नाचे नऊशे फोटो
शोधाच्या बाहेर बसवले.
वहीच्या मागच्या पानावर कळांची यादी केली,
ब्लाउजची मापं लिहितात तशी:
ताबा, हिस्सा, नकल, तारण.

आता कागद दोन मिनिटांत हाती पडतो.
साहेब म्हणतात, काय जादू करून राहिली तू?
मी म्हणते, जादू कुठली,
काकांची बोटं कुठं पडली असतील तेवढं पाहते.

परवा सुनावणी पुढं ढकलली.
ऑफिसात मी एकटी, बाहेर सेहेचाळीस.
उगाच आपलं नाव टाकलं, त्यांच्या कळांनी:
ओ यू ई के वाय के.
वनमाला.

सापडले: एक.
सावकाश करणे.
अकरा वर्षांपूर्वीचा सोमवार. आत तीन ओळी.

"वनमाला आजपासून. हळू टायपते, पण वाचून टायपते.
कूलरसमोरची खुर्ची तिला देणे.
फायलींची नावं कशी ठेवतो ते एकदा समजावणे."

खुर्ची मिळाली होती, त्याच दिवशी.
मला वाटलं होतं, रिकामी असेल.

तिसरं राहूनच गेलं.

जुन्या सगळ्या फायली मी नव्या फॉन्टात आणते आहे,
रोज चाळीस.
ही एक तशीच ठेवली आहे, तिच्या त्याच नावानं,
उघडली तर मराठी, आत नुसत्या कळा.

दोन वाजले.
बादली घेऊन उठले,
कूलरमध्ये पाणी टाकायला.