नाही, म्हणाले मी

फ्रेंच क्वार्टरमधलं दीड खोलीचं म्युझियम.
तिकिटं फाडणाऱ्या क्लोटील्डबाई
पंख्यासमोर मान धरून बसलेल्या.

आतला बोळ एवढा अरुंद
की समोरून माणूस आला
तर देवाच्या अंगावर रेलावं लागतं.
रमचा अर्धा पेला. न पेटवलेल्या सिगारेटी.
मेरीच्या तसबिरीआड दुसरीच कुणी,
समुद्रापलीकडून आणलेली,
मालकाला कळू नये म्हणून
मेरीच्या नावानं पुजलेली.

ओंडक्याच्या ढोलीत नवसाच्या चिठ्ठ्या.
एक उघडी पडलेली:
कॉर्डेलला जामीन मिळू दे.

टाचण्या टोचलेली बाहुली शोधत
दोन पोरं आली, हसली, फोटो काढून गेली.

निघताना बाईंनी विचारलं,
तुमच्याकडे असतं का असलं काही?
नाही, म्हणाले मी. चटकन.

कोपऱ्यावर सुटे शोधताना
पर्सच्या तळाशी पुडी लागली.
चंपूआत्यानं विमानतळावर कोंबलेला अंगारा.
मंगळवारी अंगात यायचं तिच्या.
अकरा वर्षं. तीन पर्सा बदलल्या मी.

परतले. बाई कुलूप शोधत होत्या.
चिमूटभर टाकू का ढोलीत?
टाक की, म्हणाल्या, पण कुणाच्या नावानं?

आत्याचं नाव आठवलं.
जी यायची, तिचं नाही.